ब्राउझरचे कुंपण आणि कंत्राटदाराची सही

नवी मुंबईत रस्त्याचे, गटाराचे किंवा बागेचे सरकारी काम मिळवायचे, तर निविदा आता ऑनलाइन भरावी लागते. कागदावरच्या सहीची जागा डिजिटल स्वाक्षरीने घेतली आहे आणि ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते. छोट्या कंत्राटदारांना निविदा भरून देणाऱ्या वाशी-बेलापूरच्या दुकानांत मी बरेचदा बसलो आहे. तिथे एक वाक्य हमखास कानी पडते : "साइट चालू आहे, पण टोकन दिसत नाही." असे का होते, हे समजण्यासाठी ब्राउझरच्या मुळाशी जावे लागते.

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो दस्तऐवजांसाठी. कुठले तरी अनोळखी पान आपल्या संगणकावर उघडणे म्हणजे परक्याला ओसरीवर बसवणे. त्याला माजघरात मोकळीक कोणी देत नाही. म्हणून संगणकावरच्या फायली आणि जोडलेली उपकरणे पानाला परस्पर हाताळता येत नाहीत. हे कुंपण मुद्दाम घातलेले आहे, आणि आपल्याच हिताचे आहे.

डिजिटल स्वाक्षरी मात्र माजघरातली वस्तू. तिची गुप्त किल्ली टोकनबाहेर येत नाही. सही टोकनच्या आतच होते. पूर्वी पान तिथवर जावा ॲप्लेटच्या मागल्या दाराने पोहोचत असे. त्या दाराने चोरही शिरू लागले, तेव्हा क्रोमने 2015 मध्ये आणि फायरफॉक्सने 2017 मध्ये ते बंद केले. पुढे क्रोमने यूएसबी उपकरणांशी बोलण्याची मुभा पानांना दिली, पण तीतून स्मार्ट कार्डाच्या वर्गातली उपकरणे वगळली. ही टोकन बहुधा त्याच वर्गात मोडतात.

मग एक छोटा प्रोग्राम संगणकावर वेगळा बसवण्याचा तोडगा निघाला. पान त्याला निरोप देते, तो टोकनकडून सही करून आणतो. जीएसटीच्या संकेतस्थळासाठी 'एमसाइनर' हेच काम करतो. पण 'काही बसवू नका, कुठूनही वापरा' हे वेब ॲपचे मूळ आश्वासन इथेच संपते. टोकनचा ड्रायव्हर, विंडोजची आवृत्ती, अँटिव्हायरस यांपैकी एकाने नकार दिला की सही अडते. अंतिम मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

2015 पासून ई-साइनची वाट उपलब्ध आहे. आधारच्या ओटीपीवर ओळख पटते, किल्ली सेवा देणाऱ्याच्या सुरक्षित यंत्रणेत तेवढ्यापुरती तयार होते आणि सही झाली की नष्ट होते. ब्राउझरला कुंपण ओलांडावे लागत नाही. मात्र किल्ली आपल्या खिशात राहत नाही. सोय हवी की ताबा, हा निर्णय इथे करावाच लागतो.

ब्राउझरचे नियम नवी मुंबईत ठरत नाहीत, आणि ते पुन्हा बदलणार. म्हणून सार्वजनिक सेवा ब्राउझरवर उभारणाऱ्यांनी सहीची दुसरी वाट आधीच ठेवायला हवी. नाही तर काम कोणाला मिळणार, हे दरपत्रक उघडण्याआधीच एखादा ड्रायव्हर ठरवून टाकतो.