समाजकार्याचे शिक्षण : शिष्यवृत्तीचा हिशेब आणि क्षेत्रकार्याचा खर्च

कला शाखेची पदवी हातात पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बाकाबाकावर ऐकू येतो. कोणी बी.एड.चे ठरवतो, कोणी स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणतो, कोणी आहे त्याच विषयात एम.ए. करायचे म्हणतो. आम्हां समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांत एम.एस.डब्ल्यू.चे, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीचे, नाव हमखास निघते. आणि त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "त्याला स्कॉलरशिप मिळते का?"

'मिळते' हे त्याचे उत्तर खरे आहे, पण ते अर्धे आहे. शिष्यवृत्ती कशाची मिळते, केव्हा मिळते आणि ती हाती येईपर्यंत दिवस कसे काढायचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. आमच्या आधी या वाटेने गेलेल्या काही विद्यार्थ्यांशी मी बोलले, योजनांची माहिती वाचली आणि कागदावर थोडा हिशेब मांडून पाहिला. त्यातून जे समजले ते माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे शिक्षण वेगळे का?

आपल्या देशात समाजकार्याच्या रीतसर शिक्षणाला मुंबईत १९३६ साली प्रारंभ झाला. नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था उभी राहिली. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांतून समाजकार्य महाविद्यालये आहेत.

या शिक्षणाची जडणघडण पहिल्यापासून निराळी आहे. एम.ए.चा विद्यार्थी तास आटोपून ग्रंथालयात जातो, एम.एस.डब्ल्यू.चा विद्यार्थी आठवड्यातून साधारण दोन दिवस वर्गात नसतोच. तो एखाद्या झोपडवस्तीत, सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, बालगृहात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत काम करीत असतो. यालाच क्षेत्रकार्य म्हणतात. त्याचे अहवाल लिहावे लागतात, त्यावर मार्गदर्शकांशी चर्चा होते आणि त्याला गुणही असतात. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यास सहल आणि अखेरीस काही आठवडे एकाच संस्थेत पूर्णवेळ काम, हे सारे अभ्यासक्रमाचाच भाग असते. क्षेत्रकार्य वगळून समाजकार्याची पदवी म्हणजे पोहायचे शिक्षण काठावर बसून घेण्यासारखे होईल. माझी तक्रार क्षेत्रकार्याविषयी मुळीच नाही. त्याचा खर्च कोण सोसतो, एवढेच मला विचारायचे आहे.

मदतीची तीन अंगे

विद्यार्थ्याला मिळणाऱ्या साहाय्याची तीन अंगे असतात. पहिले शुल्काचे, दुसरे राहण्या-जेवण्याचे आणि तिसरे वेळेचे.

शुल्काच्या बाबतीत सर्वांत जुनी आणि मोठी योजना म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली आणि तिच्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता. पुढे अनुसूचित जमाती व इतर मागास वर्गांसाठीही अशा योजना आल्या. अनुसूचित जातींसाठीच्या योजनेत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत अडीच लाख रुपये ठेवली आहे. तिच्यात विद्यार्थ्याचे सक्तीचे, परत न मिळणारे शुल्क येते आणि त्याखेरीज वार्षिक शैक्षणिक भत्ता मिळतो.

ज्यांना जातीवर आधारलेली योजना लागू नाही, त्यांच्यासाठी राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये असून तिच्यात शुल्काचा काही भाग शासन भरते. मात्र अभ्यासक्रम व महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात हे विचारून घ्यावे.

दुसरे अंग राहण्या-जेवण्याचे. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. या थोर पुरुषांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती : गरिबाचा मुलगा फी माफ झाल्याने शिकत नाही, त्याच्या पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची सोय झाली तर शिकतो.

आज या अंगाची सोय शासकीय वसतिगृहे करतात. तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. योजनेच्या मूळ दरांनुसार मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळत : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. इतर महानगरपालिकांच्या हद्दीत ही रक्कम ५१,००० आणि अन्यत्र ४३,००० होती. आपले गाव सोडून शिकायला आलेल्यांसाठी ही योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आहे. शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

आता कागदावरचा हिशेब

तिसऱ्या अंगाकडे जाण्यापूर्वी थोडे आकडे मांडू. २०२१ च्या सूचनांनुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये भत्ता मिळतो. तिसऱ्या गटात हेच आकडे ६,००० आणि ३,००० आहेत. म्हणजे सर्वांत वरच्या गटातील घरून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला महिन्याला सुमारे ५८३ रुपये येतात.

आता क्षेत्रकार्य घ्या. आठवड्याला दोन दिवस आणि वर्षाचे तीस आठवडे धरले, तर साठ दिवस होतात. जाण्यायेण्याचे भाडे रोजचे पन्नास रुपये धरू. साठ दिवसांचे तीन हजार रुपये झाले. तिसऱ्या गटातील घरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्षाचा सारा भत्ता एवढ्यातच संपला! वह्या, अहवालांची छपाई, शिबिराची वर्गणी, दुपारचा वडापाव यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. एस.टी.चा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्या मार्गापुरता असतो. क्षेत्रकार्याची वस्ती त्या वाटेवर असेलच असे नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. तिचा विद्यार्थिनींना मोठा आधार झाला आहे. परंतु शहरातली रिक्षा काही अर्ध्या भाड्यात येत नाही.

आणि इथेच वेळेचे तिसरे अंग पुढे येते. एम.ए. करणारा विद्यार्थी दुकानात, छापखान्यात, शिकवणी वर्गात काम करून शिकू शकतो. एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याचे आठवड्याचे दोन पूर्ण दिवस बांधलेले असतात आणि उरलेले तासांना द्यावे लागतात. ज्याच्या घरी त्याच्या कमाईची वाट पाहिली जाते, त्याला ते साठ दिवस भाड्यापेक्षाही महाग पडतात. दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली तरी अठरा हजार रुपये होतात. हा आकडा कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला जागा नाही.

मदत पोहोचते केव्हा?

आता विलंबाविषयी. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, अशी ही शिष्यवृत्ती आहे. राज्याचा वाटा दिला गेल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्याआधी विद्यार्थ्याचा महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज महाविद्यालयाने तपासायचा, मग विभागाने मंजूर करायचा. या साखळीतील एक कडी जरी अडली तरी पैसे पुढच्या सत्रावर जातात. खोलीचे भाडे आणि मेसचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागते.

या विलंबाचा प्रश्न किती खोल जातो, हे २०१८ साली दिसले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शुल्क, वसतिगृह व भोजनाच्या खर्चाबाबत मिळणारी सूट काढून घेतली गेली, तेव्हा २१ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला. शासनाकडून येणारी रक्कम अपुरी पडते व उशिरा येते, ही संस्थेची अडचण होती. आधी भरा आणि मागून घ्या, हे ज्याच्याजवळ मुळातच काही नाही त्याला कसे जमावे, हा विद्यार्थ्यांचा सवाल होता. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला असे वाटते की, मागून मिळणारी मदत ही मदत असली तरी ती शिडीच्या दुसऱ्या पायरीपासून सुरू होते. पहिली पायरी विद्यार्थ्याने स्वतःच बांधायची असते. २०२१ च्या सूचनांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूद झाली, ती प्रवेशाच्या वेळी शुल्क भरावे लागू नये म्हणूनच. ही तरतूद प्रत्येकाने माहीत करून घेतली पाहिजे.

काय करावे?

विद्यार्थ्यांनी करण्यासारख्या काही गोष्टी सांगते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि अधिवासाचा दाखला यांची तयारी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच करावी. निकालानंतर तहसील कार्यालयात रांगा लागतात. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे बँकेत जाऊन पाहावे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. दोन योजना एकत्र घेता येतात की नाही, हे अर्जापूर्वी विचारावे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : एका विषयात एम.ए. पूर्ण करून मग एम.एस.डब्ल्यू.ला जाण्याचा बेत असेल तर सावध राहावे. एक पदव्युत्तर पदवी झाल्यावर त्याच पातळीवर दुसऱ्या विषयाला प्रवेश घेणारा विद्यार्थी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून बाद होऊ शकतो. म्हणून समाजकार्यातच जायचे असेल, तर पदवीनंतर थेट जाणे हिताचे.

शैक्षणिक कर्जाचाही विचार पुष्कळजण करतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. परंतु स्वयंसेवी संस्थेतील पहिली नोकरी बेताच्या पगाराची असते आणि हप्ता पगाराकडे पाहून लहान होत नाही. कर्ज हा शेवटचा उपाय समजावा.

महाविद्यालयांनाही नम्रपणे काही सुचवावेसे वाटते. क्षेत्रकार्याच्या जागा ठरवताना विद्यार्थ्याच्या राहण्याचे ठिकाण पाहिले, तर भाड्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून लहानसा क्षेत्रकार्य निधी उभारता येईल. शिष्यवृत्ती येईपर्यंत त्यातून बिनव्याजी उसनवार द्यावी आणि रक्कम जमा झाल्यावर परत घ्यावी. कर्मवीरांच्या नावाने चालणाऱ्या 'कमवा व शिका' योजनेत समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्याचे दिवस वगळून तास ठरवावेत. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

शेवटी मुद्दा कोण समाजसेवक होणार, हा आहे. वस्तीतल्या पाण्याच्या नळावरचे भांडण, शाळा सोडलेल्या मुलीचे कारण, रुग्णालयाच्या कागदांपुढे गोंधळलेला म्हातारा, हे सारे ज्याने घरात पाहिले आहे, त्याच्याजवळ या व्यवसायाची निम्मी विद्या आधीच असते. साठ दिवसांचे भाडे आणि बुडालेली मजुरी परवडत नाही म्हणून तोच जर दारातून परतला, तर नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. वस्तीलाही आपल्यातला माणूस मिळत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जातील आकडे कोरडे दिसतात खरे, पण वस्तीत कोण कुणाच्या बाजूने उभा राहील हे त्यांच्यावरही ठरते. म्हणून ते आकडे आपण वाचायला शिकले पाहिजे, आणि जिथे ते अपुरे आहेत तिथे तसे बोलायलाही शिकले पाहिजे.