पांच हजार गाण्यांची पेटी आणि तिच्यांतील लोप

कोणतीहि नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिच्यांत काय काय आहे याची मोजदाद प्रथम होते. दुकानदार तेंच सांगतो, वेष्टणावरहि तेंच छापलेलें असतें. परंतु वस्तूचा खरा स्वभाव तिच्यांत काय नाहीं यावरून कळतो, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना ‘लोप’ हा शब्द मुलांच्या गळीं उतरविण्यास आम्हांस नेहमीं वेळ लागे. लोप म्हणजे नुसता अभाव नव्हे. जें तेथें असावयास हवें होतें तें न दिसणें म्हणजे लोप. आणि वैयाकरणांची मौज अशी कीं, प्रत्यय लोपला तरी त्याचें कार्य पुष्कळदां मागें राहतें. गेल्या कांहीं वर्षांत, ज्या घरांत ऐंशीच्या पुढचीं वडील माणसें आहेत अशा आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतून गाण्याची एक पेटी येऊन बसली आहे. तिच्याकडे या दृष्टीनें पाहण्याचें आज योजिलें आहे.

ही पेटी म्हणजे सारेगामा कंपनीची ‘कारवां’. ती २०१७ सालीं प्रथम बाजारांत आली, तेव्हां तिची किंमत ५,९९० रुपये होती. रूप जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओसारखें. समोर जाळी, हातांत सहज बसेल अशी एक मोठी फिरती कळ, आणि पोटांत ५,००० गाणीं आधींच भरलेलीं. गायक, संगीतकार, गीतकार यांच्या नांवांनीं गाण्यांचे गट पाडलेले आहेत. कळ फिरवून गट निवडावा आणि स्वस्थ ऐकत बसावें. शिवाय एफ.एम. रेडिओ आहे, पेनड्राइव्ह लावण्यास खांच आहे, आणि मोबाइलमधील गाणें बिनतारी ऐकण्याची ब्ल्यूटूथची सोय आहे. मूळ पेटी हिंदी चित्रपटगीतांची. पुढें मराठी व इतर भाषांच्याहि आवृत्त्या निघाल्या. एकदां विजेवर भरून घेतली म्हणजे सुमारें पांच तास चालते. सारेगामा हें नांव कंपनीनें इ. स. २००० मध्यें घेतलें. जुन्या माणसांस ती ‘कुत्र्याच्या तबकडीची कंपनी’ म्हणून ठाऊक. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें उतरवून घेतलें गेलें, तेव्हांपासूनचा हा वंश आहे.

आतां लोपांकडे वळूं. पहिला लोप डोळ्यांत भरतो तो पडद्याचा. मूळ पेटींत चालू गाण्याचें नांव दाखविणारा पडदा नाहीं, आणि अमुकच गाणें हवें म्हटल्यास तें शोधून काढण्याचा मार्ग नाहीं. गट निवडून पुढचें बटण दाबीत राहावें, आणि आपलें गाणें केव्हां तरी येईल अशी आशा बाळगावी. घरांतल्या तरुण मुलांस ही गोष्ट मुळींच पटत नाहीं. “आजोबा, एवढे पैसे घेऊन साधा शोध नाहीं?” असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त आहे. पुढच्या कांहीं आवृत्त्यांत मोबाइलच्या साहाय्यानें गाणें निवडण्याची सोय झाली. पण मोबाइल हातांत घ्यावाच लागला तर पेटीचें प्रयोजन काय उरलें?

कारण हा लोप हेतुपूर्वक केलेला आहे. आमच्या घरीं आमच्या आत्याबाई आहेत. वय नव्वदीच्या पुढें, एका डोळ्यानें दिसत नाहीं. मोबाइलवर जगांतलीं सगळीं गाणीं आहेत खरीं, परंतु त्याची कांच बोटाच्या नुसत्या स्पर्शानें भलतीकडेच जाते, मध्येंच जाहिरात सुरू होते, आणि चार महिन्यांनीं त्याचें सगळें रूपच बदलतें. कालचें बटण आज जागेवर नसतें. पेटीची कळ मात्र आत्याबाईंस एका दुपारींत साधली. पांच खटके उजवीकडे म्हणजे अमुक गायिका, हें त्यांच्या बोटांस पाठ झालें आहे. नातवंडांस हांक न मारतां गाणें ऐकतां येणें ही नव्वदीच्या माणसाच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. येथें तर सबंध पडदा वांचला आहे.

ही युक्ति नवीहि नाहीं. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें २००१ सालीं ‘आयपॉड’ काढला, तेव्हां त्यांत रेडिओ नाहीं म्हणून लोकांनीं नांवें ठेविलीं. खिशांत एक हजार गाणीं मावतात हें पाहिल्यावर पुष्कळांची तक्रार मावळली. २००५ मध्यें त्याच कंपनीनें ‘शफल’ नांवाची धाकटी आवृत्ति काढली, तीस पडदाच नव्हता. तिचें उत्पादन २०१७ मध्यें बंद झालें. म्हणजे ज्या वर्षीं तिकडे बिनपडद्याचें यंत्र गेलें, त्याच वर्षीं इकडे दुसरें जन्मास आलें. तिकडचें तरुणांच्या खिशासाठीं होतें, इकडचें वृद्धांच्या उशाशीं, भेद एवढाच.

आणि ग्रामोफोनचें तरी काय होतें? चावीचा ग्रामोफोन प्रवासांत नेतां यावा म्हणून त्याची पेटी लहान केली, कर्णा आंत दडविला, झांकणांत चार तबकड्यांपुरती जागा ठेविली. वीज लागत नसे हा त्याचा मोठा गुण; पण तबकडीगणिक चावी द्यावयाची, सुई बदलावयाची, आणि दहा इंची तबकडीच्या एका अंगास गाणें तीन मिनिटांच्या आसपास. तासभर उमलणारा ख्याल त्या तीन मिनिटांत कोंबावा लागे. आमच्या कोल्हापुरास या अदलाबदलीची किंमत विशेष ठाऊक आहे. शाहू महाराजांच्या आश्रयानें येथें राहिलेले अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं वारले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी नाहीं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या आहेत, आणि त्यांतील एका भैरवीचें भाग्य असें कीं, १९७७ सालीं अमेरिकेनें जीं दोन ‘व्हॉयेजर’ यानें सूर्यमालेपलीकडे सोडलीं, त्यांवरील सोनेरी तबकडीवर ती गेली. त्या तबकडींत सर्व जगाचें मिळून सुमारें नव्वद मिनिटांचें संगीत. हिंदुस्थानाच्या वांट्यास आली ती केसरबाईंची साडेतीन मिनिटें. जागा थोडी असली म्हणजे कोणाला घ्यावें आणि कोणाला वगळावें हा प्रश्न आकाशांतहि सुटत नाहीं.

असो. पडद्याचा लोप आम्ही पत्करतों. दुसरा लोप मात्र तितकासा पत्करवत नाहीं, आणि तो क्रमाचा. गायकाच्या नांवानें गट पाडण्याची पद्धति सुट्या गाण्यांस शोभते. पण सगळीं गाणीं सुटीं नसतात. गीतरामायणाचेंच पाहा. सुधीर फडके हे कोल्हापुरांत जन्मलेले. त्यांनीं व गदिमांनीं मिळून रचलेलीं हीं ५६ गीतें पुणें आकाशवाणीनें १९५५-५६ मध्यें वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणें ऐकविलीं. त्यांचा प्राण त्यांच्या क्रमांत आहे. सेतु बांधण्यापूर्वीं रावणवध ऐकण्याची पाळी आली तर रामायण राहिलें कोठें? जी कृति आरंभापासून शेवटापर्यंत एक आहे, ती नांवानिशीं आणि क्रमानें काढतां आली पाहिजे. नाटकांतील पदांस हेंच लागू, आणि कीर्तनाच्या आख्यानास तर सर्वाधिक. गटाची कळ येथें अपुरी पडते.

तिसरा लोप मालकीचा आहे, आणि तो कळ फिरवून दिसत नाहीं. वेष्टणावर ५,००० हा आंकडा पाहून जुनें सगळें संगीत आंत आहे असा समज होतो. वस्तुतः ज्या गाण्यांचा हक्क कंपनीकडे आहे त्यांतूनच ही निवड होते. कंपनी जुनी आणि तिचा संग्रह प्रचंड, म्हणून उणीव चटकन् जाणवत नाहीं. परंतु मराठी गाणें एकाच दुकानांत विकलें गेलें असें कधींच नव्हतें. १९३५ च्या सुमारास मुंबईस ‘यंग इंडिया’ ही स्वदेशी कंपनी निघाली. तिनें पुष्कळ मराठी गायक-गायिकांचीं गाणीं उतरविलीं. तबकड्या विकणाऱ्या दुसऱ्याहि कंपन्या होत्या. त्यांच्या गाण्यांस या पेटींत शिरकाव व्हावयाचा तर हक्कांचा व्यवहार झाला पाहिजे. घरांतल्या मुलांनीं २०१६ च्या ‘सैराट’चीं गाणीं मागितलीं तरी अडचण तीच, कारण तीं दुसऱ्या कंपनीचीं. यांत कंपनीचा दोष आम्ही काढीत नाहीं. परक्याच्या मळ्यांतला ऊंस आपल्या गाडींत भरून आणावा असें कोणी म्हणणार नाहीं. ग्राहकानें मात्र ‘जुनीं गाणीं’ या शब्दाचा अर्थ ‘आमच्याकडचीं जुनीं गाणीं’ असा लावून मगच पैसे मोजावे.

जातां जातां एक कायद्याची गोष्ट. आपल्या देशांत ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें टिकतो. गीताच्या शब्दांचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. गदिमा १९७७ सालीं वारले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. तबकडी मोकळी झाली तरी गीत मोकळें झालें असें समजूं नये.

चौथ्या लोपाबद्दल कोणी तक्रार करतांना आम्ही ऐकलें नाहीं, आणि आमच्या मतें सर्वांत मोठा तोच. ही पेटी गाते, पण ऐकत नाहीं. तिच्यांत ध्वनिमुद्रणाची सोय नाहीं.

फिलिप्स कंपनीनें १९६३ मध्यें कॅसेट काढली, आणि पुढें घरोघर टेपरेकॉर्डर आले. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ आखातांतून येणारे लोक कौतुकानें आणीत. त्याचा आवाज कारवांच्या तोडीचा नसेल, फीत गुंतत असे, पेन्सिलीनें ती गुंडाळावी लागे. पण त्यास लाल खुणेचें एक बटण असे. तें दाबलें कीं यंत्र ऐकूं लागे. बाळाचे बोबडे बोल, मुंजीच्या मंगलाष्टका, देवघरांतला हरिपाठ, मंगळागौरीचीं गाणीं, असें किती तरी या बटणानें घराघरांत उतरवून ठेविलें. विकत आणलेल्या गाण्यांच्या शेजारीं घरचा आवाज त्याच कप्प्यांत बसत असे. आज मोबाइलमध्यें ही सोय आहे. परंतु मोबाइल बदलला कीं तो आवाज जुन्या मोबाइलबरोबर खणांत जाऊन पडतो, आणि ज्या वृद्धांच्या हातीं पेटी आहे त्यांच्यापर्यंत परत येत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं १९८४ सालीं आजीच्या ओव्या अशा उतरवून ठेविलेल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या, साठ मिनिटांची एक कॅसेट. घर पंचगंगेकडच्या उतारावर. २०१९ च्या महापुरांत तळमजल्याच्या कपाटांत पाणी शिरलें. पाणी ओसरल्यावर कॅसेट वाळविली, परंतु फीत फितीस चिकटली ती चिकटलीच. पूर न येतां सुद्धां आमच्याकडच्या पावसाच्या ओलीनें फितीवर बुरशी धरते. आजी केव्हांच गेल्या होत्या. सुनेस त्यांतल्या सात ओव्या येतात, नातीस दोन. त्या घरींहि आतां कारवां आहे, आणि तिच्यांतलीं पांच हजार गाणीं पांच लाख घरांत जशीं वाजतील तशींच तेथेंहि वाजतात.

हा लोप भरून काढण्यास यंत्रानेंच एक वाट ठेविली आहे, ती म्हणजे पेनड्राइव्हची खांच. प्रत्यय गेला तरी कार्य राहतें तें असें. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं ती खांच रिकामी ठेवूं नये. मोबाइलवर वडील माणसांचा आवाज उतरवून घ्यावा. दुपारच्या शांत वेळीं, पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. एका वेळीं एकच गाणें घ्यावें; मध्यें कोणी बोललें तर पुन्हां घ्यावें, पण वृद्धांस ओशाळवाणें वाटेल इतक्यांदां घेऊं नये. नंतर तें एमपीथ्री पद्धतीनें संगणकावर चढवावें. नांवांच्या आरंभीं ००१, ००२ असे आंकडे घालावे आणि पेनड्राइव्हवर त्याच क्रमानें एकेक उतरवावें, म्हणजे क्रम राहण्याचा संभव अधिक. याच वाटेनें, आपण रीतसर विकत घेतलेल्या ध्वनिफितींवरचीं आख्यानें व नाट्यपदेंहि घरच्यापुरतीं क्रमानें लावतां येतात. म्हणजे दुसऱ्या लोपाचाहि थोडा परिहार होतो. संगणकावरची मूळ प्रत पुसूं नये, आणि दुसरी एक प्रत परगांवीं असलेल्या भावाच्या किंवा मुलीच्या घरीं ठेवावी.

आमच्या आत्याबाईंचा पेनड्राइव्ह आठ दिवसांत तयार झाला. चौदा ओव्या, दोन आरत्या आणि एक पाळणा. पेटीची कळ कोठवर फिरविली म्हणजे आपलाच आवाज येतो हें त्यांनीं दुसऱ्या दिवशींच हेरून ठेविलें. पाळण्याचें तिसरें कडवें त्यांस आठवत नाहीं. तें इचलकरंजीस त्यांच्या धाकट्या बहिणीस येतें असें कळतें. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. येत्या रविवारीं तिकडे जावयाचें ठरविलें आहे.