शेजारच्या देशात आपली साखर का जात नाही?

मागील गटसभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साहेब, आपली साखर जहाजाने पार आफ्रिकेपर्यंत गेली म्हणता, मग बांधालगतच्या देशात जायला अडते कुठे?" प्रश्न रास्त आहे. साखरेला उठाव असला तरच ऊस बिल वेळेवर निघते.

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान व मालदीव या सात देशांनी १९८५ साली ढाक्यात 'सार्क' संघटना स्थापली. अफगाणिस्तान मागाहून आले. आपसांतील जकात उतरवण्याचा 'साफ्टा' करार २००६ पासून लागू झाला. तरीही या देशांच्या एकूण व्यापारात आपसांतला व्यापार शेकडा ५ च्या आसपासच राहिला. करार करतानाच प्रत्येकाने जकात न उतरवायच्या मालाची यादी बाजूला काढून ठेवली होती! शिवाय वाटेतली रखडपट्टी वेगळीच. बंगालमधील पेट्रापोल नाक्यावर मालट्रक कित्येक दिवस रांगेत उभे राहत असत. तोडलेला ऊस दोन दिवस गाडीत राहिला तर वजनात काय घट येते, हे आपणास सांगायला नको.

पण खरी अडचण भरवशाची आहे. ३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या आर्थिक समितीने भारतातून ५ लाख टन, म्हणजे ५० लाख क्विंटल, साखर आणण्यास मंजुरी दिली. त्यांच्याकडे साखर महाग, आपल्याकडे शिल्लक. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने काश्मीरचे कारण देऊन तो निर्णय फिरवला. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपणही त्यांच्या मालावर २०० टक्के जकात बसवली होतीच, आणि मे २०२५ मध्ये तिकडची आयात पूर्ण बंद केली. रक्त सांडले की व्यापार थांबणारच, त्याला इलाज नाही.

बांगलादेशाशी मात्र तसे वैर नव्हते. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता, स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितल्याचे हसत हसत बोलल्या. पण त्यांच्या व्यापाऱ्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा मागवला. जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवरही आपल्या सरकारने निर्बंध घातले. देशातील भाव आवरायचे म्हणून हे केले, हे खरे. पण गिऱ्हाइकाने काय करावे? तोडीची तारीख दोनदा चुकली की आपला सभासदसुद्धा ऊस गुऱ्हाळाला घालतो. आम्हाला ते रुचत नाही, पण का घालतो ते कळते.

बांगलादेशातील साखर कारखानदार कच्ची साखर मुख्यतः ब्राझीलहून आणतात, अर्ध्या जगाला वळसा घालून.