उज्जैनची ठंडाई

महाकालाच्या दर्शनासाठी उज्जैनला जाणाऱ्या महाराष्ट्रीय यात्रेकरूला ते नगर फारसे परके वाटत नाही. अठराव्या शतकात शिंद्यांची राजधानी येथेच होती, आणि महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणीही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केली. दर्शन आटोपून बाहेर आल्यावर मात्र एक गोष्ट त्याला नवी भेटते. दुकानांतून ठंडाईचे पेले भरले जात असतात आणि गिऱ्हाइकाला विचारणा होते : साधी की भांगेची? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जण हसत हसत देऊन टाकतात. वस्तुतः ते विचारपूर्वक द्यावयास हवे. कारण एकाच पेल्यातून मिळणाऱ्या या दोन वस्तूंचे गुणधर्म अगदी भिन्न आहेत.

प्रथम साध्या ठंडाईचा विचार करू. हे पेय कोणत्याही घरी उत्तम तयार होते. एक लिटर दुधासाठी ५० ग्रॅम बदाम, टरबूज-खरबुजाच्या बियांचा मगज २५ ग्रॅम, तितकीच खसखस, दोन मोठे चमचे बडीशेप, वीस-पंचवीस मिरे, सात-आठ वेलदोडे, मूठभर सुक्या गुलाबपाकळ्या आणि चार काड्या केशर एवढे साहित्य पुरते. साखर सुमारे १५० ग्रॅम घ्यावी. आवडीप्रमाणे ती कमी करता येते. केशर वगळून बाकीचे जिन्नस स्वच्छ धुऊन पाच-सहा तास पाण्यात भिजत घालावेत. दूध तापवून त्यात साखर व केशर घालावे आणि ते पूर्ण निवू द्यावे. बदामांची साले काढून सर्व जिन्नस पाट्यावर अगर यंत्रात, थोडथोडे पाणी शिंपडीत, गंधासारखे मऊ वाटावेत. ही गोळी दुधात कालवून तासभर मुरू द्यावी आणि मग मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळावी. चोथ्यात बराच कस राहिलेला असतो. तो पुन्हा वाटून दुसऱ्यांदा गाळल्यास काहीच वाया जात नाही.

या पेयाची सारी करामत वाटण्यात आहे. उज्जैनमध्ये ठंडाई 'बनवीत' नाहीत, 'घोटतात', असे म्हणण्याचा प्रघात आहे तो उगाच नव्हे. बदाम, मगज व खसखस यांत तेल असते. ते पाण्यात विरघळत नाही. परंतु वाटण जितके बारीक, तितके त्या तेलाचे कण सूक्ष्म होऊन दुधात समप्रमाणात तरंगत राहतात आणि पेयाला दाटपणा येतो. भरड वाटले, तर साका तळाशी बसतो आणि वर नुसते गोड दूध उरते. थंड पेयात मिरे कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. मिऱ्याच्या तिखटपणाने उष्णता जाणणारे मज्जातंतू चेतविले जातात, अंगाला घाम सुटतो आणि तो वाळताना शरीर निवते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम लवकर वाळतो, म्हणून तेथे हा उपाय विशेष लागू पडतो.

पेय गार करण्याच्या रीतीतही शास्त्र आहे. मेक्सिको देशात निळ्या घायपाताच्या गड्ड्यापासून टकीला नावाचे मद्य काढतात. ओक लाकडाच्या पिंपात निदान एक वर्ष मुरलेल्या टकीलेला तेथे 'आन्येहो', म्हणजे जुनी, म्हणतात. असे मद्य किंचित साखर व कडू अर्काचे थेंब घालून बर्फाच्या खड्यांसह संथपणे ढवळण्याची पाश्चात्य पद्धत आहे. तेथे बर्फाचे पाणी हा मिश्रणाचा घटकच मानला जातो. शंभरात चाळीस भाग मद्यार्क असलेल्या त्या द्रवाचा दाह या पाण्याने सौम्य होतो. ठंडाईत दाह नाही आणि पाणीही नको असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. ही उष्णता दुधातून भांड्याच्या पातळ धातूवाटेही निघून जाऊ शकते. म्हणून ठंडाईचे भांडे बर्फाने भरलेल्या परातीत ठेवावे आणि आतील पेय ढवळीत राहावे. थंडावा मिळतो आणि दाटपणा ढळत नाही.

आता भांगेकडे वळू. ज्या झाडाच्या फुलोऱ्याला गांजा आणि राळेला चरस म्हणतात, त्याच झाडाची पाने म्हणजे भांग. ती वाटून तिची गोळी ठंडाईत मिसळतात. तिच्यातील मादक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. बदाम व दूध यांचे मिश्रण त्याला म्हणूनच सोयीचे वाहन ठरते. खरा धोका पुढे आहे. हे द्रव्य पोटातून रक्तात उतरण्यास अर्धा तास ते दोन तास लागतात. यकृतात त्याचे आणखी प्रभावी रूपांतर होते, आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. पहिल्या पेल्याने काहीच झाले नाही असे समजून मनुष्य दुसरा पेला घेतो आणि मग दोन्हींचा अंमल एकत्र चढतो. मद्याच्या बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. घोटलेल्या गोळीत किती मादकता आहे हे घोटणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही यात्रेकरूने लक्षात ठेवावी. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेंहून अधिक साक्षी नोंदवून, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, पण अतिसेवन हानिकारक आहे, असा निष्कर्ष काढला आणि संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानेही फुलोऱ्यावाचूनची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली व त्यांचे नियमन राज्यांवर सोपविले. उज्जैन शहरात १ एप्रिल २०२५ पासून मद्यविक्री बंद झाली. भांगेचे परवाने ही मात्र निराळी बाब आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये विनापरवाना भांग बाळगणे वा सेवन करणे गुन्हा ठरतो. तेव्हा प्रवासाची आठवण म्हणून ती पुडी गाठोड्यात बांधून आणणे महागात पडू शकते.

मुले, गर्भवती स्त्रिया, हृदयाचे वा मनाचे विकार असलेले रुग्ण आणि वाहन चालविणारे यांनी भांग वर्ज्यच मानावी. मद्याबरोबर तर ती कोणीही घेऊ नये. कोणाला अधिक चढलीच, तर त्याला शांत जागी कुशीवर निजवावे व एकटे सोडू नये. आंबट पदार्थांचा उतारा देण्याची चाल आहे, परंतु रक्तात गेलेले द्रव्य त्याने परत येत नाही. उलट, अर्धवट शुद्धीतील माणसाच्या मुखात काही घातल्यास घुसमटण्याचे भय असते. छातीत दुखू लागल्यास, श्वास मंदावल्यास अथवा शुद्ध हरपल्यास विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवावी. आणि घरी पाहुण्यांसाठी ठंडाई घोटणाऱ्याने एक नियम कधीही मोडू नये : पेल्यात काय आहे हे पिणाऱ्याला आधी सांगितलेच पाहिजे. न सांगता भांग पाजणे ही सणाची थट्टा नव्हे. ज्याने विश्वासाने पेला हाती घेतला, त्याचा तो घात होय.