हाडं विरळ का होतात?

हाड दिसतं दगडासारखं, पण आत सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, मोडणाऱ्या पेशी वरचढ ठरतात, हाडाची जाळी विरळ होते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, की निदान ऑस्टिओपोरोसिसचं.

याच प्रश्नावर पारंपरिक चिनी वैद्यक बोट ठेवतं मूत्रपिंडावर. (सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे, ही त्यांची व्यापक कल्पना.) तिथलं ‘जिंग’ हे सत्त्व हाडं पोसतं, ते आटलं की हाडं पोकळ. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजलंय आणि पाळी थांबते ४९व्या वर्षी. रजोनिवृत्तीच्या आजच्या वयाशी हिशेब चांगलाच जुळतो! औषधांत असते दू-झोंग झाडाची साल. मोडली की रबरासारखे पांढरे धागे ताणले जातात.