संगणक राउटरला का भेटत नाही? अनुमानाचा एक घरगुती उपयोग

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातलं अनुमान पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, डोंगरावरच्या त्या धुराचं आम्ही घरी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला धूर दिसत नाही, कोपऱ्यातल्या डबीवरचे दिवे दिसतात. म्हणून आज राउटर घेऊ. घरचा संगणक त्याला जोडला जात नसेल, तर दोष नेमका कुठे आहे हे कसं ठरवायचं?

"नेट नाही" हे वाक्य तक्रार म्हणून ठीक आहे, निदान म्हणून त्याचा उपयोग नाही. संगणक ते राउटर हा एक दुवा, राउटर ते कंपनी हा दुसरा. दोन्हींपैकी काहीही तुटलं तरी आपण तेच वाक्य म्हणतो. आणि मग पहिला हात जातो तो राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकाकडे. त्याच्याविषयी नंतर बोलतो, तोवर टाचणी लांब ठेवा.

पहिली चाचणी म्हणजे दुसरं यंत्र. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात जिला भेदाची पद्धत म्हटलं, आणि आपल्याकडे जो अन्वय-व्यतिरेक, तीच ही गोष्ट. बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच बाब बदलायची. त्याच वायफायवर मोबाईल चालतो का बघा. पण आधी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करा! नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणजे राउटर ठीक, असं आपण म्हणू, आणि तो हेतू व्यभिचारी निघेल. राउटर बंद असतानाही व्हॉट्सअ‍ॅप चाललंच असतं की. डेटा बंद करूनही मोबाईल चालला, तर राउटर आणि बाहेरची लाइन दोन्ही सुटले. संशय संगणकावर, किंवा संगणक आणि राउटर यांच्या नात्यावर.

दुसरी चाचणी तारेची. राउटरच्या मागे लॅनची भोकं असतात, तिथून संगणकाला केबल जोडा. केबलवर चाललं, तर बिघाड फक्त वायफायच्या भागात आहे. मग साध्या गोष्टी आधी. विमान मोड चुकून चालू झालाय का? काही लॅपटॉपना कडेला वायफायचं बटण असतं, ते पुसताना सरकलंय का?

मग नावांची यादी उघडा. शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, ही फार बोलकी खूण आहे. संगणक ऐकू शकतो, पण आपला राउटर ज्या पट्ट्यात बोलतो तो त्याला ऐकू येत नाही. जुन्या संगणकांना पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ कळतं, राउटर ५ वर बोलत असतो. आणखी एक गंमत. मुलांनी अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप कधी कधी १२ आणि १३ हे चॅनेल ऐकत नाही, कारण तिथे ते सहसा वापरत नाहीत. आपल्याकडचा राउटर नेमका त्यावर गेला, की नाव गायब. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवलं की भागतं.

नाव दिसतं पण आत घेत नाही, असं असेल तर ते नेटवर्क "विसरायला" सांगा आणि पासवर्ड नव्याने घाला. घरात कुणी पासवर्ड बदलला असेल, तरी संगणक जुनाच पुढे करत राहतो.

आता खरी रंजक अवस्था. "जोडलं गेलं" असं दिसतं, पण काहीच उघडत नाही. वायफायची खूण आहे म्हणून नेट आहे, हे अनुमान अग्नीवरून धूर सिद्ध करण्यासारखं आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, तो उपाधी. इथला उपाधी म्हणजे पत्ता. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता वाटतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो बघायचा कसा? विंडोजमध्ये सी-एम-डी ही काळी खिडकी उघडा आणि इंग्रजीत आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही आठ अक्षरं सलग टंकून एंटर मारा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजा की राउटरने काही दिलेलं नाही, उत्तराची वाट बघून संगणकाने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. तेव्हा राउटर वीजबटणापासून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. तरीही तेच आलं, तर संगणकात पत्ता "आपोआप मिळवा" असं आहे का ते बघा.

पत्ता बरोबर असेल, तर तिथेच "डिफॉल्ट गेटवे" म्हणून राउटरचा पत्ता लिहिलेला असतो. पी-आय-एन-जी टंकून, एक जागा सोडून तो आकडा घाला. हा पिंग माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला, आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची, प्रतिध्वनी ऐकायचा. उत्तर आलं, की आपला दुवा शाबूत आहे. आता कंपनीला फोन करायला हरकत नाही.

आणि आता ते भोक. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेटने राउटरची सगळी स्मृती पुसली जाते. तुमचा वायफायचा पासवर्ड तर जातोच, पण बऱ्याच जोडण्यांत कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेमही जातं. आमच्या ओळखीच्या एका आजींना फोनवरच्या मुलाने "रीसेट करा" म्हणून सांगितलं. तोवर त्यांचा फक्त संगणक बंद होता, मोबाईल चालत होता. नंतर अख्खं घर बंद झालं, आणि माणूस यायला तीन दिवस लागले. लेक परदेशात, रोज रात्री व्हिडिओवर बोलायची. त्या तीन दिवसांची भरपाई कोण करणार? मोबाईल चालतोय, या एका निरीक्षणावर त्या मुलाला नाही म्हणता आलं असतं.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: "कंपनीला नेमकं काय सांगायचं?" असं सांगा: "डेटा बंद करून वायफायवर मोबाईलही चालत नाही. संगणकाला पत्ता मिळतो, राउटर पिंगला उत्तर देतो, पण पुढे काही उघडत नाही." फायबरची जोडणी असेल, तर डबीवर एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल आहे का तेही सांगा. तो लाल असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये, आणि मग संगणकाला हात लावायचं काही कारणच नाही. चला, पुढची चिठ्ठी घेऊ.