टेपला थांबणं मानवत नाही

एका कार्ट्रिजमध्ये ३० टेराबाइट! एलटीओ जातीच्या चुंबकीय टेपची दहावी पिढी २०२५ मध्ये ही मजल गाठून आली. जाहिरातीत मात्र ७५ टेराबाइट हा आकडा ठळक असतो. त्यावर भुलणाऱ्यांनी जरा मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगड किल्ल्यापलीकडे डोकवावं.

तिथून सह्याद्रीची धार ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. तिथे खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून जे टिपतात, त्यात बहुतेक नुसती खरखर असते. आता ७५ हा आकडा डेटा अडीचपट आवळला जाईल असं धरून काढलेला आहे. पण ज्याचा पुढचा अंक ओळखता येत नाही ते आवळता येत नाही, हे गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्येच दाखवलं होतं. खरखर तर अजिबात ओळखता येत नाही. फोटो आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात. तेव्हा हिशोब ३० चाच धरावा.

ही खरखर टाकूनही देता येत नाही. जीएमआरटीने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या आकाश-पाहणीचा साठवलेला कच्चा डेटा खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या रीतीने पुन्हा चाळला. त्यातून २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी हाती आली. असा डेटा वर्षानुवर्षं ठेवायला टेप सोयीची, कारण फळीवर पडलेल्या टेपला वीज लागत नाही.

टेपचा खरा स्वभाव कळतो तो ती फिरू लागली की. नवव्या पिढीची टेप १,०३५ मीटर लांब असते आणि पूर्ण भरायला तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर, तेही साडेबारा तासांत! सर्व्हरकडून डेटा यायला उशीर झाला, तर तिची गत थांबा चुकलेल्या एसटीसारखी होते: पुढे जाऊन थांबायचं, रिव्हर्स घ्यायचा, पुन्हा वेग पकडायचा. त्यात वेळ जातो आणि टेप व हेड दोन्ही झिजतात. नवे ड्राइव्ह वेग कमी करून जुळवून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

युनिक्सवाल्यांची गंमत इथेच आहे. फायलींचा गठ्ठा बांधून टेपकडे धाडणारी 'टार' ही आज्ञा १९७९ पासूनची, आणि ती अजूनही मुळात १० किलोबाइटचे ब्लॉक पाठवते. सेकंदाला ४०० मेगाबाइट गिळणाऱ्या ड्राइव्हला असे ४० हजार घास भरवावे लागतील! म्हणून बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक २५६ किलोबाइट किंवा त्याहून मोठा ठेवावा आणि तो आकडा लिहूनही ठेवावा. वाचताना त्याहून लहान ब्लॉक मागितला तर टेप धडधाकट असूनही एरर येते.

दुसरा सापळा नावाचा. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला 'एसटी०' आणि 'एनएसटी०' अशी दोन नावं असतात. पहिल्या नावाने लिहिलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. मग मंगळवारचा बॅकअप निमूटपणे सोमवारच्या डोक्यावर बसतो. एका टेपवर एकामागून एक बॅकअप हवे असतील तर दुसरं नाव द्यावं. शिवाय नवव्या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिचं मोजमाप करतो. त्याला दोन तासही लागू शकतात. सॉफ्टवेअरची वाट पाहण्याची मुदत त्याआधी संपली, तर चांगली टेप खराब ठरते.

एवढं करून टेप लागते कधी? फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका दोषाने जीमेलच्या काही ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. एकाहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्यात गेल्या. टेप यंत्राबाहेर असल्यामुळे तिच्यापर्यंत तो दोष पोहोचला नाही, आणि गूगलने तिच्यावरूनच पत्रं परत आणली. म्हणून दर महिन्याला एखादी जुनी फाइल टेपवरून खरोखर उतरवून पाहावी. आणि नवा ड्राइव्ह आला म्हणून जुना भंगारात घालू नये. दहाव्या पिढीचा ड्राइव्ह नवव्या पिढीची टेप वाचत नाही.